बरं, काकू

गेल्या गणपतीत मी एक फोन केला होता. जेमतेम दोन मिनिटांचा. वर्ष होत आलं तरी तो कानातून जात नाही. सोसायटीच्या सांस्कृतिक समितीत मी सात वर्षं आहे. सांस्कृतिक म्हणजे रांगोळी स्पर्धेच्या चिठ्ठ्या, वेफर्सचे खोके आणि माईकवाल्याचा राहिलेला हिशेब. तिसऱ्या दिवशी सुगम संगीताचा कार्यक्रम असतो आणि त्यात बी विंगमधली एक कॉलेजात जाणारी मुलगी गाते. फार सुरेख गाते. त्या वर्षी तिने ग्रुपवर विचारलं होतं, ‘शेवटच्या गाण्याआधी मी दोन मिनिटं बोलू का?’ कशावर, ते सगळ्यांना कळलं होतं. जुलैत आमच्या मागच्या बाजूचं ड्रेनेज तुंबलं तेव्हा चेंबरमध्ये उतरलेला एक माणूस गुदमरून आतच कोसळला. दुसऱ्याने दोर ओढून त्याला वर काढलं. वाचला. आम्ही गॅलऱ्यांतून बघत होतो. कुणीतरी वरून पाणी पाठवलं, कागदी ग्लासांत. घरात स्टीलचे ग्लास नव्हते असं नाही. माणसाला असं उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, एवढंच तिला सांगायचं होतं. अध्यक्ष म्हणाले, ‘सणाच्या दिवशी राजकारण नको. तुमचं ऐकेल ती, तुम्हीच सांगा.’ मी फोन केला. ‘अगं, तू नुसतं गा ना. बोलायचं काय, बोलतात सगळेच. तुझ्यासारखं गायला कुणाला येतं?’ पलीकडे जरा शांतता. मग, ‘बरं, काकू.’

कौतुक करून तोंड बंद करायची ही कला मला कुणी शिकवली, कोण जाणे.

ती आली, अबोली रंगाची साडी नेसून. दोन भावगीतं म्हणाली आणि शेवटी भूपेन हजारिकांचं ‘गंगा बहती हो क्यूं’. दोन्ही काठांवर माणसं हाल काढताहेत आणि नदी आपली गुपचूप वाहतेय, असं नदीलाच खडसावणारं ते गाणं. एक शब्द जास्तीचा बोलली नाही. मंडपात टाळ्या पडल्या, अध्यक्षांनी स्वतः ‘वन्स मोअर’ दिला. ती पुन्हा गायली, आणि गाताना बघत होती मंडपाच्या मागच्या कडेला, जिथून ड्रेनेजची लाइन जाते. हे एक तर फक्त माझ्या लक्षात आलं असेल किंवा माझ्या मनाचा खेळ असेल. प्रसाद न घेता ती घरी गेली. ज्या उत्सवातल्या मेळ्यांच्या पदांवर एकेकाळी इंग्रज सरकारची करडी नजर असायची, त्या उत्सवात आम्ही राजकारण नको म्हणून बसलो होतो, हे मला रात्री भांडी पुसताना सुचलं. अशा गोष्टी नेहमी भांडी पुसतानाच सुचतात.

त्या गाण्यामागचा आवाज मी लहानपणी ऐकलेला आहे. भूपेनदा १९५० च्या सुमारास न्यूयॉर्कला शिकायला होते, तिथे त्यांना पॉल रोब्सन हा काळा अमेरिकन गायक भेटला. त्याचं मिसिसिपी नदीवरचं ‘ओल मॅन रिव्हर’ ऐकून त्यांनी आसामीत ब्रह्मपुत्रेला हाक मारली, हिंदीत ती गंगा झाली. आमच्या सोलापूरच्या दोन खोल्यांत मूळ गाण्याची तबकडी होती. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर हेडसेट लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडायचे आणि घरी आले की त्यांना कुणाचंही बोलणं नको असायचं. रविवारी सकाळी मात्र एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर उघडायचा, तबकडी धोतराच्या मऊ तुकड्याने पुसायची, सुई अलगद टेकवायची. आधी खरखर, आणि मग तो आवाज. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली की खोलीतली भांडी बारीक थरथरतात, तसा. आई म्हणायची, ‘लावला का तुमचा विहिरीतला माणूस?’ शब्द आम्हाला कुणालाच कळत नव्हते. बाबांनाही सगळे कळत असतील असं नाही.

तबकडी बाबांची नव्हती. १९ सप्टेंबर १९६८ ला केंद्रीय कर्मचाऱ्यांचा एक दिवसाचा संप झाला, त्या दिवशी बाबा कामावर गेले होते. मी तेव्हा पाळण्यात, आजीचं आजारपण, कारणं सगळी खरी होती. शेजारच्या बोर्डावरचा त्यांचा मित्र संपावर गेला आणि निलंबित झाला. तबकडी त्याची. त्याने ती बाबांना विकली की दिली, हे बाबांनी कधीच सांगितलं नाही. युनियनची वर्गणी ते शेवटपर्यंत वेळेवर भरत होते. मोर्चाच्या दिवशी मात्र त्यांचं पोट दुखायचं.

रोब्सनची गोष्ट मला त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितली, उरलेली मी पुढे वाचली. १८९८ चा जन्म, न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनचा. वडील गुलामगिरीत जन्मलेले, पंधराव्या वर्षी पळून सुटलेले, पुढे पाद्री झालेले. आई तो सहा वर्षांचाही नव्हता तेव्हा घरातल्या आगीत भाजून गेली. पोरगा मात्र असा की एका माणसात इतकं कसं मावलं म्हणावं: कॉलेजात पहिल्या रांगेत, अमेरिकन फुटबॉलमध्ये देशभरातल्या निवडक खेळाडूंत, मग कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी. वकिलीच्या कचेरीत एका गोऱ्या स्टेनोने काळ्या माणसाकडून डिक्टेशन घ्यायला नकार दिला आणि याने वकिली सोडली. त्या बाईचं नाव कुणाला माहीत नाही, पण जगाला हा गायक मिळाला तो तिच्यामुळे, असं बाबा हसत हसत म्हणायचे. मला ते कधी विनोदी वाटलं नाही. मग लंडनचा रंगमंच, सिनेमे, गाण्याचे दौरे. १९४३ मध्ये ब्रॉडवेवर ऑथेल्लो. आपल्याकडे देवलांनी याच नाटकाचा ‘झुंजारराव’ केला होता. ब्रॉडवेवर रोब्सनच्या ऑथेल्लोचे २९६ प्रयोग झाले. आपल्या नाटकवाल्यांना तीनशे प्रयोग म्हणजे काही फार वाटायचे नाहीत. ब्रॉडवेवर मात्र शेक्सपिअरच्या कुठल्याच नाटकाला तोवर तेवढं आयुष्य लाभलं नव्हतं.

आणि ‘ओल मॅन रिव्हर’. हे गाणं लिहिलं-रचलं दोन गोऱ्यांनी, एका संगीत नाटकातल्या काळ्या हमालासाठी. तो हमाल जगण्याला कंटाळलाय, मरणाला भितो, आणि नदीला कशाचंच काही नाही. लोकांना ते फार आवडायचं. दुःखी, गोड, आणि कुणाच्याही वाटेला न जाणारं. १९३० च्या दशकात, स्पेनमधल्या यादवीच्या सुमारास, रोब्सन त्यातल्या ओळी बदलून गायला लागला: मरणाला भितो म्हणायच्या जागी, मरेपर्यंत लढत राहीन. चाल तीच, आवाज तोच, नदीही तीच. चार शब्दांनी हमाल ताठ उभा राहिला. बाबांच्या तबकडीवर तो बदललेला पाठ आहे, हे मला पस्तिशीनंतर कळलं. म्हणजे इतके रविवार आम्ही ते गाणं नुसतंच गोड म्हणून ऐकत होतो. आमच्या मंडपासारखंच.

नंतरचं बरंचसं माहीत असतं लोकांना. स्पेनमध्ये तो सैनिकांपुढे गायला, वेल्सच्या खाणकामगारांत तर घरचाच झाला, अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांना जमाव फासावर लटकवत होते म्हणून थेट अध्यक्ष ट्रुमनना जाऊन भिडला. लोकप्रियता टिकली होती तोवर हे सगळं चाललं. एप्रिल १९४९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत तो बोलला. वृत्तसंस्थेने जे भाषण अमेरिकेत पाठवलं ते आणि तो प्रत्यक्षात जे बोलला ते, यांत फरक होता हे पुढे अभ्यासकांनी दाखवलं. पण छापून आलं ते आलं. रशियाशी युद्ध झालं तर काळे अमेरिकेसाठी लढणार नाहीत, असा त्याचा अर्थ घेतला गेला. त्या ऑगस्टात न्यूयॉर्कजवळच्या पीकस्किलला त्याचा कार्यक्रम जमावाने उधळला. आठवडाभराने, ४ सप्टेंबरला, तो पुन्हा तिथे गेला. हजारो लोक आले, कामगार संघटनांच्या माणसांनी खांद्याला खांदा लावून मैदानाभोवती कडं केलं आणि तो गायला. परतीच्या वाटेवर गाड्यांवर दगडांचा पाऊस पडला. शंभरावर माणसं जखमी झाली. लोकगीतं गाणारा पीट सीगर तिथे होता, बायकामुलांसह. गाडीत येऊन पडलेले काही दगड त्याने नंतर आपल्या घराच्या धुराड्यात चिणून टाकले. असे दगड घरात ठेवावेसे वाटणं मी समजू शकते.

मला या सगळ्यात जास्त टोचतो तो जॅकी रॉबिन्सन. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये आधुनिक काळात खेळलेला पहिला काळा खेळाडू, १९४७ चा. त्याच्यासाठी दार उघडावं म्हणून चार वर्षं आधी क्लबमालकांच्या बैठकीत जाऊन बोलला होता तो रोब्सन. आणि जुलै १९४९ मध्ये अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीने रोब्सनला खोडून काढायला बोलावलं ते रॉबिन्सनला. तुमचं ऐकतील लोक, तुम्हीच सांगा. तो गेला. त्याने वर्णभेदाबद्दलही खडे बोल सुनावले होते, पण वर्तमानपत्रांनी उचललं ते रोब्सनविरुद्धचं. आत्मचरित्रात त्याने लिहून ठेवलंय की आज बोलावलं असतं तर नाही म्हटलं असतं. १९७२ मध्ये. तेवीस वर्षांनी.

बाबा रॉबिन्सनबद्दल कधी वाईट बोलले नाहीत.

१९५० मध्ये सरकारने पासपोर्ट काढून घेतला. देशात सभागृहं मिळेनात, रेडिओ-टीव्हीची दारं बंद, दुकानांतून तबकड्या गायब. वर्षाला लाखभर डॉलर कमावणारा माणूस काही हजारांवर आला. कुणी कोर्टात शिक्षा केली नव्हती. खरं तर बंदी अशी कुठे लिहिलेलीही नव्हती. ज्याने त्याने आपापल्या पातळीवर एकेक फोन केला असणार. १९५२ मध्ये व्हँकुव्हरच्या खाणकामगारांनी त्याला बोलावलं. कॅनडात जायला तेव्हा अमेरिकन माणसाला पासपोर्ट लागत नसे, तरी त्याला सीमेवर अडवलं. तर हा फोनवरून गायला, आणि मे महिन्यात थेट सीमेवर येऊन उभा राहिला. तिथे पीस आर्च नावाची पांढरी कमान आहे. तिच्यापाशी एका ट्रकच्या उघड्या हौद्यावर पियानो चढवला, माणूस अमेरिकेच्या हद्दीत, आणि आवाज पलीकडे. बाबांचा आवडता प्रसंग मात्र १९५७ चा. त्याआधीच्या वर्षी अटलांटिकच्या तळाशी टेलिफोनची पहिली केबल सुरू झाली होती. तिच्यावरून मे महिन्यात तो लंडनच्या सभागृहासाठी गायला, आणि ऑक्टोबरात वेल्समधल्या पोर्थकॉलला, खाणकामगारांच्या गाण्या-कवितेच्या मेळ्यात. पाचेक हजार लोक भरलेल्या हॉलमध्ये बसलेत, स्टेजवर गायक नाही, लाउडस्पीकर आहे. न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत तो उभा. तो गायला, मग इकडून ट्रिऑर्कीच्या पुरुष गायकवृंदाने त्याला गाणं ऐकवलं, त्याच तारेवरून. ‘बोलायला पासपोर्ट लागत नाही, लाइन क्लिअर पाहिजे,’ बाबा म्हणायचे. तो कॉल आपण जोडला असता तर, असं त्यांना वाटत असणार. तीन मिनिटं झाली की ‘थ्री मिनिट्स ओव्हर’ म्हणायची त्यांची नोकरी. त्या कॉलला ते कधीच ओव्हर म्हणाले नसते.

त्यांचं एक लाडकं शास्त्र होतं. साध्या टेलिफोन लाइनमधून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. पुरुषाच्या आवाजाचा पाया असतो शंभर-सव्वाशेला, रोब्सनचा तर त्याहून खाली. ‘म्हणजे खर्ज तारेत शिरतच नाही. तरी फोनवर बाप्याचा आवाज बाप्याचाच वाटतो की नाही? कसा? वरचे स्वर ऐकून कान खालचा आपला आपण भरतो.’ यात त्यांची फेकाफेक नव्हती, ध्वनिशास्त्रात हे खरंच आहे. अशाच तारेवर त्या पाच हजार माणसांनी त्याचा खर्ज आपापल्या कानात तयार केला, अशी बाबांची खात्री होती. मी मान डोलवायची. आता वाटतं, कानाला सवय पाहिजे तो भरायची. खाणीत उतरणाऱ्यांना ती होती.

१९५६ मध्ये त्याच चौकशी समितीपुढे त्याला उभं केलं. एवढं रशिया आवडतं तर तिथेच का नाही राहिलास, असं विचारल्यावर तो म्हणाला, माझा बाप गुलाम होता, हा देश उभारताना माझी माणसं मेली, मी इथेच राहणार आणि तुमच्याइतकाच याचा वाटेकरी होणार. हे वाचताना अजून काटा येतो. पण इथे मला थांबावं लागतं, कारण बाबांनी न सांगितलेला एक तुकडा मी नंतर वाचला. जून १९४९ मध्ये तो मॉस्कोत होता. त्याचा ज्यू कवी मित्र इट्झिक फेफर तेव्हा कैदेत होता. रोब्सनने भेटीचा आग्रह धरला म्हणून त्याला हॉटेलच्या खोलीत आणलं. खोलीत चोरून ऐकण्याची यंत्रणा असणार, म्हणून फेफर तोंडाने भलतंच काही बोलत राहिला आणि हातवाऱ्यांनी, चिठ्ठ्यांनी खरं सांगत गेला: दुसरा मित्र, नट मिखोएल्स, मारला गेलाय, आपलंही तेच होणार. गळ्यावरून बोट फिरवलं. ही हकिकत रोब्सनच्या मुलाने पुढे सांगितली. मॉस्कोतल्या कार्यक्रमात रोब्सनने मित्रांची आठवण काढली आणि वॉर्सॉच्या ज्यू बंडातून स्फुरलेलं गाणं यिडिशमध्ये म्हटलं. त्या सभागृहात ज्यांना समजायचं त्यांना समजलं. आणि अमेरिकेत परतल्यावर विचारलं तर म्हणाला, रशियात ज्यूंचा छळबिळ काही नाही. स्टॅलिन मेला तेव्हा त्याच्यावर गहिवरून लिहिलं. फेफरला १९५२ मध्ये गोळ्या घातल्या होत्या.

आपल्या देशातल्या माणसांच्या छळाबद्दल जीव धोक्यात घालून बोलणारा माणूस तिथल्याबद्दल गप्प बसला. शत्रूच्या हातात कोलीत द्यायचं नाही, असं त्याचं गणित असेल. ते मला कळतं, आणि पटत नाही. त्या रात्री सभागृहात तो नुसतं गायला, कारण बोलता येत नव्हतं. मी त्याला मोजायला बसले की ही रात्र कुठल्या पारड्यात टाकायची ते मला उमगत नाही. गाण्यात जे सांगितलं ते परत गेल्यावर बोलून पुसलं. आमच्या बी विंगमधल्या मुलीने निदान पुसलं तरी नाही.

१९५८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुसऱ्याच एका खटल्यात निकाल दिला आणि त्याला पासपोर्ट परत मिळाला. त्याच वर्षी एप्रिलात त्याची साठी झाली. भारतात ती साजरी करायला समिती निघाली, अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला, नेहरूंचा शुभसंदेश. अमेरिकी अधिकाऱ्यांना हे रुचलं नव्हतं. पुढची दोन-तीन वर्षं तो पुन्हा जग फिरला. सिडनीच्या ऑपेरा हाउसचा नुसता सांगाडा उभा होता तेव्हा बांधकामावरच्या मजुरांपुढे जेवणाच्या सुट्टीत गायला, म्हणजे त्या वास्तूत गाणं ऐकण्याचा पहिला मान कामगारांना मिळाला. मग मन ढासळलं. १९६१ मध्ये मॉस्कोत त्याने शिरा कापून घेतल्या. लंडनच्या इस्पितळात विजेचे झटके, पन्नासाहून जास्त. १९६३ मध्ये मायदेशी, आणि शेवटी फिलाडेल्फियात बहिणीच्या घरी, पडदे ओढून. पंचाहत्तरीचा सोहळा कार्नेगी हॉलमध्ये झाला तेव्हा तो गेला नाही. टेप पाठवली. स्टेजवर पुन्हा माणूस नाही, नुसता आवाज. २३ जानेवारी १९७६ ला गेला. त्या दिवशी बाबांनी फिएस्टा लावला होता का, हे मला आठवायला हवं होतं. मी आठ वर्षांची होते. मला आठवतो तो फक्त धोतराचा तुकडा.

बाबा गेल्यावर तबकडी माझ्याकडे आली. फिएस्टा कधीच मोडीत गेलाय. कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने एक आकडा लिहिलेला आहे, पाच अंकी, जुना कर्मचारी क्रमांक. बाबांचा नाही.

परवा यंदाच्या गणपतीची मीटिंग झाली. कार्यक्रमपत्रिकेत ‘तिसरा दिवस : सुगम संगीत’ आणि पुढे रिकामी जागा. अध्यक्ष म्हणाले, ‘ती आपली मुलगी आहेच, विचारून घ्या.’ मी काल दुपारी फोन लावला. मागे बसचा आवाज, कंडक्टरची घंटी. मी म्हटलं, ‘गेल्या वर्षी तू काय बोलणार होतीस, ते मला सांगशील का?’

‘आत्ता बसमध्ये आहे काकू, नीट ऐकू येत नाहीये. रात्री करते.’

रात्री फोन आला नाही. आज दुपारचे चार वाजलेत. मी जागा रिकामीच ठेवली आहे. खाली मागच्या बाजूला चेंबरची झाकणं उघडल्याचा आवाज येतोय, पावसाळ्याआधीची साफसफाई. मी स्टीलचा तांब्या भरून घेतलाय.